चाचांच्या बाकड्यावर

आमच्या घरानं आजवर बरंच उसनं घेतलं. सोसायटीचं पीककर्ज आबा दरवर्षी नवं-जुनं करत फेडत आले, बँकेचं थोडं माफीत गेलं, आडत्याची उचल हळद निघाली की वळती होते. वसमतच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनविसाचं देणं तेवढं राहिलं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. जन्मभर दुसऱ्यांची नावं अर्जावर लिहिली, स्वतःचं कुठं येऊ दिलं नाही. सगळे त्यांना चाचाच म्हणत.

माझ्या थोरल्या भावावर, दादावर, खुनाचा खटला चालला होता. मेलेला माणूस परका नव्हता. आबांचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे माझे काकाच. बांधाला बांध लागून, आणि भांडणही त्या बांधाचंच. कुणी किती कोरला, कुणाची नांगरट कुठवर आली, हे भांडण आज्ज्यापासून चालत आलेलं. त्या दिवशी काढणी चालू होती. आमच्याकडं हळदीचा पाला कापला, रान जरा वाळलं, की कुदळीनं कंद उकरतात. दादाच्या हातात कुदळ होती, काकांनी दगड उचलला, शब्द वाढला आणि दादाचा एक घाव बसला. नांदेडला नेईपर्यंत काका गेले.

दादानं मारलं नाही असं आमच्या घरात कधीच कुणी म्हटलं नाही. खटला उभा राहिला तो एवढ्यावरच, की कुदळ दादाच्या हातात होती, का त्यानं ती आखाड्यावर जाऊन आणली? फिर्यादीचं म्हणणं, आणली. आमचं म्हणणं, हातातच होती. आखाडा बांधापासून हाकेच्या अंतरावर. पण तेवढं अंतर माणूस चालत गेला आणि हत्यार घेऊन परत आला, तर वाटेत राग आवरायला वेळ मिळाला, असं कायदा मानतो. नाही गेला तर भडक्यात झालं. कलम 302 आणि कलम 304 यांच्यामध्ये आमच्या आखाड्याची पायवाट होती.

साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, युक्तिवाद संपले आणि प्रकरण निकालासाठी ठेवलं. तारीख लागली, पुढं गेली, परत लागली. आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत युक्तिवाद संपल्यावर 30 दिवसांत, आणि कारण नोंदवून फार तर 45 दिवसांत, निकाल द्यावा असं आलंय. आमच्या वेळी असं काही नव्हतं. आबा प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीनं निघत आणि पुकारा व्हायच्या कितीतरी आधी कोर्टाच्या आवारात जाऊन उभे राहत. उभेच. बसले तर निकाल वाईट लागेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं असावं.

चाचांनी त्यांना बसवलं. लिंबाखाली त्यांचं टेबल, टेबलावर झाकण हरवलेला टाइपरायटर, शेजारी एक लाकडी बाकडं. त्यांचे वडीलही अर्जनवीसच होते. वसमत निजामाच्या राज्यात होतं तेव्हा ते उर्दूत अर्ज लिहीत. चाचांनी मराठी उचललं, वरती कामापुरतं इंग्रजी. "पाटील, उभं राहून निकाल लवकर लागत असता तर मी हे बाकडं कशाला ठेवलो असतो?" म्हणाले आणि आबांची पिशवी घेऊन स्वतःच बाकड्यावर ठेवली. पिशवीमागं आबाही बसले.

त्या दिवसांत आबांना एक माणूस भेटला. कोर्टाच्या आवारात असे एखाद-दोन असतातच, पांढरा शर्ट, हातात कसलीतरी फाइल. साहेबांपर्यंत पोचवतो म्हणाला, आकडाही सांगितला. आबांनी एक एकर काढायचं मनात धरलं. आईलाही बोलले नाहीत, बोलले ते चाचांना. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून जमिनीच्या इसारपावतीचा मसुदा कसा करतात, एवढंच विचारलं. चाचांना सगळं कळलं. मसुदा केला नाही. बसा म्हणाले, आणि नानावटीची गोष्ट सांगायला घेतली.

चाचा 1959 साली मुंबईत होते. पोरवय. फोर्टातल्या एका खानावळीत भांडी घासायला. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिलला बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, त्याच्याच घरात गोळ्या घातल्या, तो खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला, आणि काम आटोपलं की चाचा त्या गर्दीत जाऊन उभे राहत. बाहेर आहुजाच्या नावानं टॉवेल आणि नानावटीच्या नावानं खेळण्यातली पिस्तुलं विकायला होती. 'ब्लिट्झ' साप्ताहिक चार आण्यांचं, ते दोन रुपयांना जाई. पांढऱ्या गणवेशातला, पदकं लावलेला तो देखणा अधिकारी बघून मुंबईनं आपला निकाल आधीच लावून टाकला होता. कोर्टात मात्र नऊ जणांची ज्युरी होती.

"आठ म्हणाले सोडा, एक म्हणाला नाही," चाचा सांगत. "तो एक कोण असंल, ह्यावरून आमच्या खानावळीत भांडणं लागली. मालक म्हणायचा, त्याला आहुजाच्या घरच्यांनी पैसे दिले असतील. मी म्हणायचो, मग आठांना कुणी दिले?"

ज्युरीनं सोडलं, तरी न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं. हायकोर्टानं मार्च 1960 मध्ये जन्मठेप दिली. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा नीट समजावून दिला नव्हता, हे त्यातलं एक कारण. 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. पुढं राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. हे सगळं मी नंतर वाचून ताडून पाहिलं. चाचांचं सांगणं फारसं चुकलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात जो मुद्दा महत्त्वाचा ठरला, तो वाचताना मात्र मी थबकलो. नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथं तो नाही म्हणून घरी गेले. घरातून दीडला निघाले ते गोळीबार झाला तेव्हा चार वीस. मधल्या तीन तासांत राग आवरता आला असता, असं न्यायालय म्हणालं. त्यांचे तीन तास आणि आमच्या दादाची आखाड्याची पायवाट, कायद्याच्या लेखी दोन्हींचं माप एकच होतं.

नानावटी खटल्यामुळंच ज्युरी बंद झाली असं सगळे म्हणतात, 'रुस्तम' सिनेमा आल्यापासून तर आमच्या पारावरही म्हणतात. पण विधी आयोगानं ज्युरी नकोच, हे 1958 सालीच लिहून ठेवलं होतं, गोळी झाडायच्या आधी. कायद्यानं ती गेली 1973 च्या फौजदारी संहितेनं, 1 एप्रिल 1974 पासून. मराठी माणसाला तर ज्युरीचा अनुभव त्याच्याही आधीचा. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबई हायकोर्टात टिळकांना ज्यांनी दोषी ठरवलं ते सात युरोपियन, आणि निर्दोष म्हणाले ते दोन पारशी. त्या सातांनीही का ते लिहून दिलेलं नाही.

चाचांना हेच सांगायचं होतं. "ज्युरीला कारण लिहावं लागत नसे पाटील. आत बसायचं, बाहेर यायचं, सांगायचं. हे साहेब एकटे आहेत, पण त्यांना लिहावं लागतंय. कुदळ कुठं होती हे लिहिल्याबिगर त्यांची सुटका नाही. पंचनाम्यात काय, डॉक्टर काय म्हणाला, कोणता साक्षीदार का खरा, का खोटा, सगळं. म्हणून वेळ लागायलाय. तुमचं एकर त्या कागदात कुठं बसवणार?"

एकर राहिलं. पांढऱ्या शर्टाचा माणूस पुढच्या तारखेला दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभा दिसला.

पण मी ऋण म्हणतो ते या एकराचं नव्हे. एकर वाचवणारी माणसं असतात, वकीलही वाचवतो कधीकधी.

निकालाच्या शेवटच्या तारखेआधी चाचांनी आबांना विचारलं, "भावजयीकडं गेला होता का?" आबा गप्प. काका गेल्यापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. तेराव्यालाही आम्ही गेलो नव्हतो, कुणी येऊ दिलं नसतं. चाचा म्हणाले, "आता जा. निकाल लागल्यावर गेलात, आन् शिक्षा झाली असली, तर भांडायला आला म्हणतील. सुटला असला तर मिरवायला. जायाचं असंल तर एवढेच दिवस आहेत." आमच्या वकिलांनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. साक्षीदाराच्या घरी? समोरच्यांनी उद्या धमकी दिली म्हणून अर्ज टाकला तर? त्यांचं चूक नव्हतं. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर चाचांचा सल्ला अगदी वाईट होता.

आबा गेले. मला सोबत घेतलं, दोघांत एक तिसरा असावा म्हणून असेल. काकू ओट्यावर वाळलेली हळद निवडत होत्या, बोटं पिवळी. आबा अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "मी काही मागायला आलो नाही." एवढंच. काकूंनी वर बघितलं नाही. बऱ्याच वेळानं आतल्या पोरीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. आबा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आम्ही निघालो. खटल्याबद्दल शब्द नाही, दादाचं नाव नाही. वाटेत आबा आखाड्यापर्यंत आले आणि तिथं बाभळीला हात टेकून रडले. काका गेल्यावर ते रडले नव्हते, आपलाच पोरगा आरोपी म्हटल्यावर रडायचं कुठं.

निकालाच्या दिवशी दादाला परभणीच्या जेलमधून पोलिसांच्या गाडीतून आणलं. साहेबांनी आधी एवढंच सांगितलं, की 302 सिद्ध होत नाही. आईनं मागून माझा हात धरला, तिला वाटलं सुटला. मग पुढचं वाक्य आलं. 304 च्या दुसऱ्या भागाखाली दोषी. शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, असं दादाला विचारलं. कायद्यानं ते विचारावं लागतं. दादा म्हणाला, "घरी आई आहे." मधल्या सुट्टीनंतर शिक्षा सांगितली, सात वर्षं, आधी भोगलेली धरून. काकू पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या. आम्हाला त्यांच्याकडं बघता आलं. जाऊन आलो नसतो तर आलं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

निकालपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. ती इंग्रजीत होती. चाचांनी माझ्याकडून ती वाचून घेतली, तेव्हा मी कॉलेजात होतो. एकेक परिच्छेद मी वाचायचा, ते सोपं करायचे, आबा ऐकायचे. बाकड्यावर, संध्याकाळी, कोर्ट उठल्यावर. पंचनाम्यात बांधाजवळ उकरलेल्या ओल्या हळदीचा ढीग आणि अर्धवट काढलेली सरी लिहिली होती. जप्त कुदळीला ओली माती चिकटलेली होती. काढणी चालू असताना कुदळ आखाड्यावर असण्याचं कारण नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. फिर्यादीच्या साक्षीदारांनी हा ढीग पाहिलाच नाही म्हटलं, म्हणून तेवढ्यापुरता त्यांच्यावर विश्वास नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. मला तो पंचनामा आठवला. त्याच निकालात पुढं एक परिच्छेद होता, की आरोपीनं डोक्यावर घाव घातला, मरण येऊ शकतं हे त्याला कळत होतं. तोही चाचांनी गाळू दिला नाही. आबांना दोनदा वाचून दाखवायला लावला.

दादा हर्सूलच्या जेलात होता. फर्लोचे, भेटीचे, पैसे पाठवायचे अर्ज चाचाच लिहीत. अर्जाचे पैसे ते पुरते मोजून घेत, रुपया सोडत नसत. बाकड्याचे, गोष्टीचे, त्या संध्याकाळींचे कधी घेतले नाहीत. आबांनी एकदा हळदीचं अर्धं पोतं नेऊन ठेवलं, ते चाचांनी एसटीत आमच्याच गावच्या माणसाबरोबर परत पाठवलं. दादा सुटून आला तेव्हा टेबल होतं, चाचा अंथरुणाला होते. त्या पावसाळ्यात ते गेले.

दोन वर्षांमागं काकूंच्या घरी त्यांच्या पोरीच्या लग्नाची बोलणी होती. आबांना बोलावणं होतं, दादाला नव्हतं, अजून नसतं. बोलता बोलता काकू म्हणाल्या, चाचा होते म्हणून माझं झालं. निराधार योजनेचा अर्ज, वारस नोंदीचा अर्ज, सगळं त्यांनीच लिहिलं. आमची तारीख नसेल त्या दिवशी त्या जात. त्याच बाकड्यावर बसत. आणि एक दिवस चाचांनी त्यांना सांगितलं होतं, की तुमचे दीर येतील, बोलू नका वाटलं तर, पण पाणी द्या.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते रागावले. "म्हणजे मी माझ्या मनानं गेलोच नाही," म्हणाले. "आन् तिनं तिच्या मनानं पाणी दिलं नाही. म्हाताऱ्यानं दोघांना चालवलं." जेवतानाही बोलले नाहीत. मी म्हटलं, जा म्हणाले ते, पण पाय तुमचेच होते ना. त्यावर काही उत्तर नाही. आई म्हणाली, राहू दे.

रात्री उशिरा त्यांनी मला विचारलं, "तिच्याकडून अर्जाचे किती घ्यायचा?"

"आपल्याइतकेच. मी विचारलं."

"पक्कं विचारलंस?"

"हो."

"मग ठीक आहे," आबा म्हणाले आणि लाइट आली होती म्हणून मोटार चालू करायला उठले.