आई कॉलेजात आली

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजातून घरी येणारा प्रत्येक कागद माझ्याच हातून येतो आणि तो वाचून दाखविणारीही मीच. यंदा पोळा झाल्यावर असाच एक कागद मिळाला. सर्व थरांतील मुलेमुली कॉलेजात टिकावीत, रुळावीत म्हणून काय करावे, यावर गावोगावच्या माणसांचा सल्ला घ्यायचे ठरले होते. मॅडम मला म्हणाल्या, "तुझ्या आईला घेऊन ये."

तो कागद मी चार दिवस वहीत दडवून ठेवला. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. सही करायला ती माझ्याकडून शिकली. तिची बोली, तिच्या भेगाळलेल्या टाचा मैत्रिणींच्या नजरेस पडू नयेत, असे मला वाटत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू?

शेजारच्या काकूंचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. त्याच्याकडून बातमी फुटली. आई एवढेच म्हणाली, "मला कामून नाही सांगितलं गं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बैठकीत एक वकील होते, दोन निवृत्त गुरुजी होते, शिलाईकाम करणारे एक चाचा होते आणि टोकाच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली आई होती. सुविचारांचे फलक, स्नेहसंमेलन, समता सप्ताह असे बरेच बोलून झाले. मग प्राचार्यांनी आईला विचारले, "ताई, तुम्हांला काय वाटते?"

आई उभी राहिली. म्हणाली, "साहेब, आमच्या गावाची एस.टी. साडेचारला निघती. ती हुकली की सातची मुक्कामाची. अन् शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद घ्यायची तुमची खिडकी उघडती चारला. पोरगी दोनदा अंधारात घरी आली. दुसऱ्या बारीला तिचा बाप म्हणला, बास झालं शिक्षण."

खोली स्तब्ध झाली. खिडकीची ही वेळ मी दोन वर्षे सोसत होते, पण कोणाला सांगितले नव्हते. मला वाटायचे, रांगेत मागे राहणे हा माझाच दोष!

खाली बसता बसता आई पुन्हा उठली. "आज माझी तीनशेची हजेरी बुडाली. पुन्हा बोलावलं तर येईन, पण सुगीत नका बोलवू."

पुढे मी ग्रंथालयात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ वाचला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीत चार स्थानिक सदस्य असतात. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले. माझी आई यांतल्या कोणत्या क्षेत्रातली? खुरप्याचा रकाना त्यात नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली, तेव्हा तिच्या नावातच 'रयत' घातली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र जेवत. रयतेची मुले आज वर्गात आली आहेत; पण रयतेला विचारायचे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

खिडकी आता मंगळवारी व शुक्रवारी दुपारी बारालाच उघडते. बाबा अजून पुरते राजी नाहीत. मी एखादी गाडी चुकवली तर काय होईल, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी आम्ही दोघी साडेचारच्या एस.टी.ने परतलो. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून आईने वाचलेल्या पैशांचे शेंगदाणे घेतले. वाटेत तिने विचारले, "ते वकीलसाहेब एवढा वेळ काय बोलत व्हते?" मला नीट सांगता आले नाही.

पुढच्या बैठकीचा कागद परवा मिळाला. बैठक सुगीनंतर आहे. घरी पोहोचताच, दप्तरही न ठेवता, तो मी आईला वाचून दाखविला.

(द्वितीय वर्ष, कला)