आजीचे गोंदण आणि लेकीचा टॅटू

आमच्या आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते. त्याखाली 'राम' ही दोन अक्षरे आणि मनगटाजवळ पाच ठिपके. आजी आठ-नऊ वर्षांची असताना वाडीत फिरत आलेल्या गोंदणारणीने ते काढले. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची, टोचत जायचे आणि वरून हळद फासायची. पोर रडू लागली की दोघीतिघींनी तिचा हात धरून ठेवायचा. मजुरी म्हणून भात मोजून द्यायचा. अंगावरचे दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्या काळच्या बायांची समजूत होती. कर्जतच्या डोंगरातल्या ठाकरवाड्यांतून अशा गोंदलेल्या म्हाताऱ्या अजूनही भेटतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर आमच्या खालापूर तालुक्यातल्या वाडीनेही घेतली. घरातले टाक, तसबिरी एका फडक्यात बांधून आजोबांनी पाताळगंगेत सोडून दिल्या. देव्हारा रिकामा झाला. परंतु हातावरचा राम सोडायला नदी कुठून आणणार? पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे आजी विहारात वंदनेला बसली की हात जोडण्याआधी पदर मनगटापर्यंत ओढून घेई. एकदा एका उत्साही कार्यकर्त्याने सर्वांसमक्ष तिला टोकले. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला इचारून काढलं का रं ते?" कार्यकर्ता गप्प झाला. शरीरापलीकडे जाणारा आत्माच धम्म मानत नाही, तेव्हा सोबत न्यायचे काही उरले नव्हते. पण कातडीवर मात्र ते शेवटपर्यंत राहिले.

हे सारे आठवायचे कारण आमची मुलगी. वय वर्षे वीस. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलाच्या भरतीची तयारी करते, पहाटे खोपोलीच्या रस्त्याने धावते. "पप्पा, मला टॅटू काढायचाय, फाइन लाइन," असे एके रात्री जेवताना तिने सांगितले. उजव्या हातावर, बाबासाहेबांची सही, बारीक रेघेत. तिच्या आईने ताटावरूनच नाही म्हटले. आम्ही लगेच काही बोललो नाही.

आमच्या मनात दोन गोष्टी एकमेकींशी भांडत होत्या. महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते की, तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि हातापायांतल्या जाड दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते, ते सोडा. आपल्याच रायगड जिल्ह्यातली (तेव्हाचा कुलाबा) ही गोष्ट. बायांनी ते ऐकले आणि नेसण्याची रीत बदलली. म्हणजे आपल्या आया-आज्यांनी अंगावरच्या खुणा पुसल्या, आणि नातवंडे हौसेने, अभिमानाने नव्या खुणा करून घेतात. दुसरी गोष्ट भीतीची. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला, निमित्त मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनचे. रिंगटोन बंद करता येते. हातावरची सही परक्या गावात, भाड्याची खोली मागताना, कुठल्या खिशात घालणार? बापाला हे सुचतेच. परंतु त्याच भीतीपोटी आम्ही तिला लपायला शिकवावे काय? आमचे उत्तर 'नाही' असेच आले. आजीच्या प्रश्नातच ते होते. हिला तर कोणी धरून ठेवले नव्हते, ही आपण होऊन विचारत होती.

आम्ही कारकून माणूस, म्हणून आधी भरतीची जाहिरात काढून वाचली. तिच्यातला नियम सांगतो : धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालते, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूस किंवा हाताच्या मागच्या बाजूस असावे, कारण उजवा हात सलामीचा, आणि आकार त्या भागाच्या पावपेक्षा कमी हवा. उजव्या हातावरची सही म्हणजे धावण्यात पहिली येऊनही वैद्यकीय तपासणीत घरी. आपल्या किती मुलांनी जयंतीच्या जोशात उजवा हात भरून घेतला असेल! भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी त्या त्या दलाची जाहिरात स्वतः वाचावी. सैन्याचे नियम वेगळे आहेत.

मुलीने ते वाचले. दोन दिवसांनी पेटीतला आजीचा एक जुना फोटो घेऊन आली. विहाराच्या कार्यक्रमातला, पदर सरकलेला, मनगट दिसते आहे. "हे पाच ठिपके घेते, आणि बाजूला पिंपळाचं पान. तुळस आणि राम नको." पाच ठिपके म्हणजे पंचशील काय, असे आम्ही विचारले. "नाही, पणजीचे ठिपके," म्हणाली. बरे वाटले.

कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका मुलाची छोटी खोली आहे. मुंबईत दुसऱ्याच्या हाताखाली चार वर्षे शिकून त्याने आपले स्वतंत्र काम मांडले. खोपोलीहून लोकलने आम्ही दोघे गेलो. त्याने छापील नमुन्यांची वही पुढे केली नाही, फोटो मागितला. पहिल्या चित्रात त्याने ठिपके सारखे, एका ओळीत मांडले. मुलगी म्हणाली, "दादा, पणजीचे ठिपके सरळ नाहीत. एक मोठा आहे, एक पसरलाय." त्याने ते फाडले आणि फोटोवर पातळ कागद ठेवून पुन्हा गिरवले. तिसऱ्या खेपेला जमले. पानाखाली सही बारीक करून बसेल का, असे तिने विचारले, तर तोच नको म्हणाला. सुई कातडीच्या दुसऱ्या थरात, जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत शाई सोडते. तिथल्या पेशी ती धरून ठेवतात, पण वर्षे गेली की शाई जराशी पसरतेच. फार लहान अक्षरे मग एकमेकांत मिसळतात, मात्रा-वेलांटीची तर फारच. "काका, साहेबांची सही दहा वर्षांनी डाग दिसायला नको," असे तो म्हणाला. चालून आलेले पैसे सोडणारा माणूस आम्हाला पटला.

सुईचे सीलबंद पाकीट त्याने आमच्यादेखत फोडले. हातमोजे नवे. शाई बाटलीतून छोट्या टोपणात ओतली आणि उरली ती फेकून दिली. हे पाहणे महत्त्वाचे. दादरला ६ डिसेंबरच्या गर्दीत, गावच्या जत्रेत, एकच सुई दहा जणांच्या हातावर फिरताना आम्ही पाहिली आहे. त्या सुईतून कावीळ 'ब' आणि 'क', एचआयव्ही असे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कावीळ 'ब'ची लस आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पुऱ्या होतात. यंत्र आले म्हणून भीती गेली असे नाही. विजेवर चालणाऱ्या या यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये घेतले, एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचून. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, प्रश्न अजून सुई कोणाची हाच आहे.

तासाभरात काम झाले. अडीच हजार रुपये. आमच्या आईने, म्हणजे आजीच्या सुनेने, रात्री नातीचा हात दिव्याखाली धरला, बोटाने ठिपके मोजले आणि "हा असाच पसरला होता" एवढे म्हणून हात सोडला.

एक बाब मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी. टॅटू काढल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपली शिबिरे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला. मुलीने ते ऐकून आधी जयंतीच्या शिबिरात रक्त दिले आणि मगच मे महिन्यात कर्जतला आली. तरी हिशेबाने या ६ डिसेंबरचे आणि पुढच्या जयंतीचे, अशी दोन शिबिरे तिची हुकतात. रक्तदात्यांच्या यादीत तिच्या जागी तूर्त तिच्या मामाचे नाव घातले आहे.