कंसातलं नाव

हडपसरची तरुण मुलं कविता दाखवायला आणतात तेव्हा तिच्यात बहुधा ऊस असतो. ऊस, कालव्याचं पाणी, आणि त्या जागी उभे राहिलेले टॉवर. मगरपट्ट्यात ४०० एकरांहून अधिक शेतीचं शहर झालं आणि त्याची हळहळही खरी आहे. पण बालपण हरवलं म्हणून लिहिलेल्या त्या कवितेत हरवतो तो परिसर. मूल आहे तसंच राहतं. मला वाटतं, ऊस तसाच उभा असता तरी त्या मुलाचं भाबडेपण गेलंच असतं. ते जातं काहीतरी कळल्यामुळे. काय कळलं, कुणाच्या तोंडून, घरात तेव्हा कोण कोण होतं, एवढं हाती लागलं की कविता सुरू होते.

केशवसुतांच्या 'हरपले श्रेय'मध्ये जिवाच्या आकांताने शोध चालतो, हरवलेलं मात्र शेवटपर्यंत निनावी राहतं. ती ताकद त्यांची. त्या वाटेने आपण गेलो की नुसता उमाळा उरतो. मला शिकायला मिळालं ते विल्यम ब्लेककडून. धुराडी साफ करणाऱ्या पोरावर त्याने दोनदा लिहिलं, १७८९ मध्ये आणि १७९४ मध्ये, एकाच नावाने. पहिल्या कवितेतल्या पोराला आपल्या वाट्याला काय आलंय ते उमगलेलं नाही. देवदूताच्या स्वप्नावर ते खूश आहे, गलबलतो तो वाचणारा. दुसऱ्या कवितेतल्या पोराला सगळं कळलंय, आईबाप चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेत तेही. कळण्याचा क्षण मात्र ब्लेकने दोन्हीकडे लिहिला नाही. मला तोच लिहायचा असतो.

माझ्याकडे असा एक आहे. सहावीत असेन. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून तलाठ्याकडून आणलेला सातबारा तिने मला मोठ्याने वाचायला लावला. गट नंबर, क्षेत्र, आकार, मग नावं. आजोबा, थोरले काका, वडील. आत्याचं नाव कंसात, शेजारी फेरफाराचा नंबर. शाळेत तेव्हा कंसाची गणितं चालू होती, म्हणून मी हौसेने विचारलं, "आज्जी, आत्या कंसात का गं?" आजीने कागद माझ्या हातून घेतला आणि घडी घातली. ओट्यावर बसलेले काका उठून गोठ्याकडे गेले. पुढे भाऊबीजेला आत्या आली. तिने काकांना ओवाळलं, काकांनी ताटात नोट टाकली. मी त्या नोटेकडे बघत राहिलो.

हे लिहिताना मोठेपणीचा एकही शब्द आत येऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य मी पाळतो. 'हक्कसोडपत्र' त्या पोराला ठाऊक नाही, म्हणून कवितेतही नाही. विशेषणं गाळतो, क्रियापदं ठेवतो: वाचलं, विचारलं, घडी घातली, उठले. पोराला काय वाटलं ते सांगायला गेलं की वाचणाऱ्यासाठी काही उरत नाही.

पण नारायण सुर्वे मला इथे अडवतात. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावरून उचलून वाढवलेलं ते पोर. त्याने पुढे 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) लिहिलं. भाबडं राहण्याची सवडच ज्याला मिळाली नाही, त्याच्यासमोर माझ्या सातबाऱ्याचं दुःख केवढं? आणि त्या कागदावरून खरोखर गेलं ते आत्याचं. मला फक्त कळलं. २००५ च्या कायद्याने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकांइतका वाटा दिला. तोवर हक्कसोडपत्रावर तिची सही होऊन वर्षं लोटली होती.

म्हणून कविता अजून अर्धी आहे. पोराच्या प्रश्नापाशी थांबवली तर ती नेटकी होते, आणि आत्या पुन्हा कंसातच राहते. पुढचं कडवं तिच्या तोंडी हवं. त्यासाठी आधी तिला विचारावं लागेल, सही घेताना भावांनी तिला काय सांगितलं होतं, आणि यावर मी लिहिलेलं तिला चालेल का. ती फुरसुंगीला असते. या रविवारी जाणार आहे.