हात पोचेल तेवढी रेल्वे

गेल्या वर्षी दहावीची परीक्षा संपली आणि मुलाने मॉडेल रेल्वेचा हट्ट धरला. पुण्याला कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आल्यावर मलाही ते वेड लागले. माझे वडील, अप्पा, लोंड्याला रुळांच्या गँगवर मुकादम होते. त्यामुळे लोंडा स्टेशनच करायचे, यावर घरात एकमत झाले.

भांडण पुढेच होते. मला माझ्या लहानपणचे मीटरगेज हवे होते, जे १९९० च्या दशकात गेले. मुलाला आजचे ब्रॉडगेज हवे होते. शिवाय स्केल कोणते घ्यायचे? एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ वा भाग, दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १६० वा भाग, अंतर ९ मिलिमीटर. आपला एकवीस-बावीस मीटरचा डबा एचओमध्ये पाऊण फुटाहून थोडा मोठा होतो, एनमध्ये वीतभरही भरत नाही. मला एचओच आवडले.

अप्पांनी कागदावर दोन्ही गुणाकार केले. उत्तर आले १४३५ ते १४४० मिलिमीटर.

“हे मीटरगेज नव्हे, आणि आपलं १६७६ चं ब्रॉडगेजही नव्हे. हे परदेशातले रूळ. तुम्ही दोघं कशाला भांडता?”

मग मी भिंतीलगत सहा फूट बाय तीन फुटांचा आराखडा काढला. अप्पांनी टेबलाशी उभे राहून हात लांब केला. त्यांचा खांदा दोन वर्षे आखडलेला आहे.

“भिंतीकडच्या रुळावर डबा घसरला तर उचलणार कोण?”

“मी उचलीन की.”

“तू दिवसभर कॉलेजात. हा जूनपासून धारवाडला हॉस्टेलवर.”

कोणीच काही बोलले नाही. सौ. धारवाडची. ती आतून टेप घेऊन आली नि म्हणाली, “मोदल अळती तगोरी.” अप्पांचा हात दोन फुटांपर्यंतच पोचत होता.

दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर. एचओचे अगदी आवळ वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे धरले, तरी गाडी वळायलाच ७२ लागतात. एनची गाडी वीस-बावीस सेंटिमीटर त्रिज्येत वळते. स्केल ठरले! सहा फुटांत इंजिन आणि पाच-सहा डब्यांपुरते स्टेशन बसले. घाट मात्र सोडावा लागला. चाळीसास एक चढाने एक रूळ दुसऱ्यावरून पाच सेंटिमीटर उंच न्यायचा, तर दोन मीटर लांबी हवी. मी हळहळलो, तर अप्पा म्हणाले, “लोंड्याला घाट होता कधी? तो कॅसलरॉकच्या पुढं.”

आता मुलगा धारवाडला असतो. रोज संध्याकाळी अप्पा गाडी सोडतात. रात्री फोनवर नातू विचारतो, “अज्जा, आज घसरली?”

“दोनदा. उचलली.”

कोणाला घरी अशी रेल्वे करायची असेल, तर एकच सांगेन. कॅटलॉग नंतर उघडा. ती रोज चालवणार कोण, हे आधी ठरवा आणि त्याचा हात मोजा.