गुरुवारची फेरी

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. माहेरी भावाचा गणपतीचा कारखाना, सासरी एक टेम्पो. धाटाव एमआयडीसीतून ड्रम भरायचे, तळोजा-पनवेलकडे उतरवायचे. आषाढ-श्रावणात पेणहून मूर्ती न्यायच्या. मूर्तींचा माल वजनाला हलका पण जागा खाणारा. दोन मूर्तींच्या मध्ये पेंढा कोंबला की हौदा भरलाच. येताना मात्र हौदा बहुतेक वेळा रिकामा. हिशेबाची वही माझ्याकडे. तारीख, कुठून कुठे, डिझेल, हमाली, भाडं असे रकाने. ह्यांचा एकच नियम: गाडी रिकामी पळवायची नाही. दोन तास थांबू, चार तास थांबू, पण माल घेऊनच निघू.

धंद्यात हा नियम बरोबरच आहे. तो मी मुलाला लावला.

त्याआधीची चूक सांगते. लेक दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “वहिनी, हाक मारली तर हा बघत नाही. एकदा दाखवून घ्या.” मी त्यांच्याशी भांडले. माझ्या पोराचे कान चांगले आहेत, टेम्पोचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला तरी त्याला कळतो, असं म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याला पाठवायचं बंद केलं. सासूबाई म्हणायच्या, ह्यांनाही तिसऱ्या वर्षी वाचा फुटली होती. नंतर मी सगळा दोष त्यांच्यावर ढकलला. खरं म्हणजे मला तेच ऐकायचं होतं. दीड वर्ष गेलं. मग डॉक्टरांनी ‘स्वमग्नता’ हा शब्द उच्चारला. घरी येईपर्यंत मी तो कुणाला सांगितला नाही, आल्यावरही नाही.

आळीत बोललं जायचंच: आई दिवसभर फोनवर भाड्याच्या गोष्टी करते, पोर बोलणार कसं? चाळीस-पन्नासच्या दशकांत अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही असंच म्हणत, आई थंड असली की मूल असं होतं. डॉक्टरांनी तो आरोप कधीच मागे घेतला, आमच्या आळीने अजून घेतलेला नाही. आणि काही वर्षं मीही घेतला नव्हता.

थेरपीसाठी पनवेल गाठायचं ठरलं. गुरुवारी, सकाळी अकराची वेळ. रोह्याहून पाऊणशे किलोमीटर. मी लगेच वहीतलं डोकं चालवलं. टेम्पो तिकडे जातोच, मग वेगळा खर्च कशाला? आम्ही दोघं केबिनमध्ये बसू. गुरुवारी पनवेलचं भाडं मिळालं तर गुरुवार, शुक्रवारी मिळालं तर शुक्रवार. सेंटरवाल्यांना फोन करून वेळ बदलून घेऊ. फार हुशारी केली असं मला वाटलं होतं.

मालाचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गाडी सात वाजता गेटवर लागते म्हणून माल सात वाजता भरत नाही. कधी चलान तयार नसतं, कधी गाडीचा नंबर चुकीचा पडलेला असतो, कधी हमाल दुसऱ्या गाडीवर असतात. थांबलेल्या तासांचे पैसे लहान गाडीवाल्याला कुणी देत नाही. आम्हाला याची सवय झाली होती. त्याला कशी होणार? आज निघालो की लगेच थांबतो, उद्या निघालो की थांबत नाही, परवा निघतच नाही. ज्या मुलाला पेला रोजच्या जागेवर नसला तरी जेवण जात नाही, त्याला मी आठवड्यातून एकदा या अंदाधुंदीत बसवत होते.

एका मे महिन्यात गेटवर तीन तास गेले. केबिनचा पत्रा तापलेला, शेजारी एक गाडी मागे घेताना तिचा भोंगा सारखा वाजत होता. त्याने दोन्ही हातांनी कान दाबले आणि कपाळ डॅशबोर्डवर आपटायला लागला. मी ओरडले. मग त्याच्या गालावर मारलं. तो रडलासुद्धा नाही, फक्त आपटायचा थांबला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. गेटवरच्या वॉचमनने काही न बोलता त्याला उतरवून नळाजवळ नेलं आणि बारीक धार सोडली. अर्धा तास तो ती धार बोटाने तोडत बसला होता. जे मला वर्षभर सुचलं नाही ते त्या माणसाला सुचलं.

त्या दिवशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. सेंटरमध्ये मी म्हटलं, वडखळला ट्रॅफिक होतं. नेहमी हेच सांगायचे. गोवा हायवेला बोल लावला की पुढे कुणी विचारत नाही. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि किती पावसाळे खड्ड्यांत गेले ते आम्हाला पाठ आहे. मूर्तीची बोटं, सोंडेचं टोक तिथे गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आमचे बुडालेले गुरुवार निम्म्याहून जास्त गेटवर बुडाले होते, हायवेवर नाही. वही उघडून मोजलं तेव्हा कळलं: वर्षात सतरा वेळा पोचलो, त्यातले सहा वेळेवर. वहीत सगळं होतं, भाड्याच्या रकान्याशेजारीच.

दिव्यांगत्वाचा दाखला काढायलाही मी अशीच चालढकल केली, शिक्का बसेल म्हणून. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता स्पष्ट लिहिलेली आहे, आणि निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. हे मला सेंटरच्या बाकावर बसलेल्या नागोठण्याच्या एका आईने सांगितलं. तिचा मुलगा कधी उशिरा यायचा नाही. कसं जमवता विचारलं तर म्हणाली, “आम्ही रेल्वेने येतो ना.”

आता आम्हीही रोहा-दिवा गाडीने जातो. आवाज तिलाही असतो, पण कुठला आवाज कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर, जिते, आपटा. क्रम बदलत नाही. दोन वर्षं मी त्याच्या तोंडून “आई” काढायला खाऊ दाखवला, रडले, रागावले. त्याचा पहिला शब्द नागोठणं सुटल्यावर आला: “कासू.” आई अजून म्हणत नाही. आता मी मागत नाही.

रविवारी ह्यांच्याबरोबर कधी कधी कोलाडला जातो. कोकण रेल्वे तिथून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला नेते, 1999 पासून. डिझेल वाचतं, रस्ता वाचतो. आमच्या पाऊणशे किलोमीटरच्या धंद्याला त्याचा उपयोग नाही, पण ट्रकच रेल्वेत बसलेला पाहून लेक जाम खूश असतो.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी गाडी रद्द झाली. तो बूट घालून दारात उभा होता. ह्यांनी धाटावचं ठरलेलं भाडं दुसऱ्याला दिलं आणि टेम्पो काढला. अकराला दहा कमी असताना आम्ही पनवेलला होतो. वहीत त्या तारखेपुढे डिझेलचा आकडा आहे, भाड्याचा रकाना कोरा आहे.