सुकाणू सौ.च्या हाती

मिल्टन कीन्सहून समुद्र लांब, पण गावातून ग्रँड युनियन कालवा जातो. यंदा आम्ही उभयतांनी भाड्याने नॅरोबोट घेतली. रुंदी जेमतेम सात फूट, वेगमर्यादा ताशी चार मैल. बैलगाडीच म्हणा ना!

फेनी स्ट्रॅटफर्डच्या लॉकमध्ये पाण्याच्या पातळीत फरक अवघा फूटभर. पुढे कॉसग्रोव्हपर्यंत दहा-अकरा मैल एकही लॉक नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. मी इंजिनियर, तरी प्रत्येक वळणावर मनात हिशोब करत होतो. सौ. देवगडची. तिच्या अप्पांनी खाडीत होडी शिकवलेली. अप्पा जानेवारीत गेले, तेव्हापासून ती फारसं बोलतच नव्हती. वुल्व्हर्टनपुढे तिनं मुकाट्यानं दांडा हाती घेतला.

तिथे ग्रेट ऊझ नदीवरून कालवा बिडाच्या पन्हळीतून जातो. विटांचा आधीचा पूल १८०८ साली कोसळला, मग १८११मध्ये हा झाला. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला नुसती लोखंडी कड, आणि खाली चाळीसएक फुटांवर नदी. मी आत जाऊन बसलो. ती अगदी सरळ रेषेत पलीकडे गेली.

"अप्पा म्हणायचे, कडेकडे बघू नकोस, पुढे बघ."

कॉसग्रोव्हला बोट बांधून चहा टाकला. दोन तास ती अप्पांबद्दलच बोलत होती.