नाक वर, वेग खाली

३ ऑगस्ट
आज सिम्युलेटरवर डीसी-१० काढलं, ते १९७९ च्या एरोमेक्सिको ९४५ साठी. फ्रँकफर्टहून मायामीला निघालेलं हे विमान लक्झेंबर्गवर चढता चढता स्टॉल झालं. ऑटोपायलट व्हर्टिकल स्पीडवर होता. मीही तेच केलं: मिनिटाला इतके फूट चढ, असं ठरवून दिलं आणि हाताची घडी घालून बसलो. वर हवा विरळ, इंजिनं आधीच पूर्ण जोरात. तरी पठ्ठ्या चढ सोडेना. नाक थोडं वर, अजून थोडं वर. वेग सांभाळ, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी थरथर सुरू झाली. त्या वैमानिकांना ती तिसऱ्या इंजिनाची वाटली. विमान सावरलं, बाहेरच्या एलिव्हेटरचे तुकडे गळून पडलेत हे कळलं मायामीत उतरल्यावर!

४ ऑगस्ट
तोच चढ, पण वेग धरणाऱ्या मोडमध्ये. चढ मंदावला, वेग हलला नाही. कंटाळवाणं. असंच हवं.

७ ऑगस्ट
७३७-८००, ॲमस्टरडॅम, धावपट्टी १८ आर. २५ फेब्रुवारी २००९ रोजी टर्किश १९५१ इथेच उतरताना अलीकडे पडलं, ९ जण गेले. डावा रेडिओ अल्टिमीटर उणे ८ फूट दाखवत होता; विमान टेकतंय असं धरून ऑटोथ्रॉटलने थ्रॉटल आयडलला नेले. ऑटोपायलट मात्र ग्लाइडस्लोप राखायला नाक उचलत राहिला. मी ऑटोथ्रॉटल काढून थ्रॉटल हातानेच मागे घेतले. ग्लाइडस्लोपची खूण बराच वेळ मधोमध, जणू सगळं आलबेल. पण ट्रिमचं चाक थोडं थोडं नाक-वर फिरत होतं. मला ते वेगाच्या पट्टीपेक्षा बोलकं वाटतं.

८ ऑगस्ट
सावरण्याचा सराव. स्टॉलचा इशारा देणारा शेकर खडखडला की हात आधी थ्रॉटलकडे धावतो, तो आवरायचा. ऑटोपायलट बंद, योक पुढे, मग जोर. ७३७ ची इंजिनं पंखांखाली, त्यामुळे जोर दिला की नाक आणखी उचलतं. त्यात ऑटोपायलटने लावून ठेवलेला नाक-वर ट्रिम. २००७ मध्ये बोर्नमथला एका ७३७-३०० चं नाक असंच ४४ अंशांपर्यंत गेलं होतं. नुसतं योक ढकलून भागत नाही, ट्रिमही पुढे घ्यावा लागतो. उंची जाते, जाऊ द्यायची.

एअरबस उडवणारा मित्र म्हणाला, आमचं विमान स्टॉल होऊच देत नाही. नॉर्मल लॉ, म्हणजे संगणकाचं पूर्ण संरक्षण, असेपर्यंत खरंय. एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्या गोठल्यावर तो उरला नव्हता.